विंध्यगिरीवरील सत्तावीस श्वास

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीला सुमारे 650 पायऱ्या आहेत. त्या दगड आणून बांधलेल्या नव्हेत. डोंगर म्हणजेच एक अखंड कातळ आणि त्या कातळातच त्या खोदून काढलेल्या आहेत. पादत्राणे पायथ्याशी ठेवावी लागतात. पहाटे निघाल्यास दगड तळव्यांना गार लागतो, ऊन चढल्यावर तोच चटके देतो. म्हणून जाणते यात्रेकरू उजाडतानाच चढू लागतात. पायथ्यापासून माथा सुमारे 470 फूट उंच. फार नव्हे. शत्रुंजयाची किंवा सम्मेदशिखराची वंदना केलेल्यांना हा चढ अंगणासारखा वाटेल. परंतु ज्याचा दिवस गादीवर, खुर्चीवर आणि मोटारीत जातो, अशा व्यापारी माणसाला शंभराव्या पायरीच्या सुमारास एक विसरलेली गोष्ट आठवते. ती म्हणजे आपण श्वास घेतो.

आमच्या यात्रासंघातील बहुतेक मंडळी सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीकडची. हळद, गूळ, सूत आणि किराणा यांत आयुष्य घातलेली. पहिल्या पन्नास पायऱ्यांपर्यंत भावाचे आणि वसुलीचे बोलणे चालू होते. मग वाक्ये आखूड झाली, मग शब्द सुटे झाले, आणि नंतर पुढच्या-मागच्यांच्या श्वासांखेरीज काहीच ऐकू येईना. ‘श्वास घ्यायला उसंत नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. विंध्यगिरी ती उसंत कोणाला विचारून देत नाही.

अर्ध्या वाटेवर थांबून मागे पाहिले की खाली कल्याणी सरोवराचा चौकोन दिसतो, त्याभोवती गाव, नारळीच्या बागा आणि समोर धाकटा डोंगर चंद्रगिरी. वर ओदेगल बसदी, त्यागद ब्रह्मदेवाचा स्तंभ, एकाच शिळेतून कोरलेला अखंड दरवाजा असे टप्पे घेत माणूस शेवटच्या प्राकारात शिरतो आणि मान वर करतो.

57 फूट उंचीची ही मूर्ती इ.स. 981 च्या सुमारास गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने घडविली. मूर्तीच्या पायाशी नागरी अक्षरांत मराठीचा लेख आहे. चावुंडरायाने ही मूर्ती करविली आणि गंगराजाने भोवतालचा प्राकार करविला, एवढेच तो सांगतो. मराठीतील अतिशय जुन्या लेखांपैकी हा एक. कन्नड प्रदेशातील डोंगरावर आपली भाषा भगवंताच्या पायाशी बसलेली पाहून मराठी यात्रेकरूचा ऊर भरून येतो, यात नवल नाही. पण लेख वाचून झाला, छायाचित्रे घेऊन झाली, की मंडळी उतरायला लागतात. येथे थोडे थांबावे, कारण मूर्ती उभी आहे ती नुसती उभी नाही. ती कायोत्सर्गात उभी आहे, आणि ही क्रिया आपणही रोज करतो, निदान करतो असे म्हणतो.

मूलाचारात कायोत्सर्गाची मुद्रा सांगितली आहे. दोन्ही बाहू खाली सोडलेले, पावले सम, दोहोंमध्ये चार अंगुळांचे अंतर, अंगाचा कोणताही भाग हलता नाही. गोमटेश्वरांचे हात पाहा. ते मांड्यांना चिकटलेले नाहीत, ताठही नाहीत. हातातले ओझे खाली ठेवल्यानंतर जसे सुटतात तसे सुटलेले आहेत. माधवीची वेल मांड्यांवरून दंडांपर्यंत चढली आहे, पायाशी वारुळे आहेत आणि त्यांतून साप डोकावत आहेत. चेहऱ्यावर अगदी पुसट स्मित. छातीकडे टक लावून पाहिले तर ती भरून आल्यासारखी वाटते, जणू श्वास आत घेऊन झाला आहे आणि बाहेर सोडण्याची घाई नाही. शिल्पकाराच्या मनात हे होते की नाही, कोण सांगणार. मला मात्र तेथे उभे असताना तसेच वाटले.

आता आपल्या कायोत्सर्गाकडे येऊ. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणजे सत्तावीस श्वासोच्छ्वास हे माप आहे. एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास. श्वास आत घेताना अरिहंतांना नमस्कार, सोडताना सिद्धांना. दुसरा श्वास घेताना आचार्यांना, सोडताना उपाध्यायांना. आणि तिसऱ्या संपूर्ण श्वासोच्छ्वासात लोकातील सर्व साधूंना. श्वेतांबर परंपरेत लोगस्स सूत्राच्या एका चरणाला एक श्वासोच्छ्वास धरतात आणि ठरलेल्या ठिकाणापर्यंत म्हटल्यावर पंचवीस होतात. मंत्र वेगळा, सूत्र वेगळे, पण मोजण्याचे माप दोन्हीकडे एकच: श्वास. आपल्या पूर्वजांजवळ घटिकापात्र होते, सूर्याची छाया होती. तरीही शरीराचा ममत्वभाव किती वेळ सोडायचा हे त्यांनी श्वासाने मोजले, कारण हे माप विकत आणावे लागत नाही, कोठे विसरत नाही आणि त्यात खोट करता येत नाही.

निदान असे त्यांना वाटले असावे. आज आपल्या मंदिरांतून नऊ णमोकार किती वेळात उरकले जातात हे घड्याळ लावून पाहावे. निवांत बसलेला निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे सत्तावीस श्वासांना दीड ते दोन मिनिटे हवीत, आणि श्वास संथ झाला तर तीन. आपण ते काम पाव मिनिटात करतो. कापडाच्या दुकानात कोणी मीटरची पट्टी एवढी आखूड केली असती तर पेठेत त्याचे नाव राहिले नसते. विशेष म्हणजे त्याच घरांतील तरुण मुले शहरात पैसे भरून श्वासाचे वर्ग करतात, मोबाईलमधील आवाज सांगेल तेव्हा श्वास घेतात आणि सोडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जी वस्तू घरच्या माळ्यावर पडून आहे ती दाखविण्याचे काम आपण केले नाही.

या डोंगराचा आणि श्वासाच्या मोजणीचा संबंध आणखी एका वाटेने आहे. ज्या चावुंडरायाने मूर्ती करविली, त्याच्यासाठी नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी ‘गोम्मटसार’ रचला; गोम्मट हे चावुंडरायाचेच दुसरे नाव. त्या ग्रंथात काळाचे जे कोष्टक येते त्यात श्वास हे एक माप आहे. सुखी, निरोगी माणसाचा एक उच्छ्वास-नि:श्वास म्हणजे एक प्राण. सात प्राणांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक नाली, दोन नालींचा एक मुहूर्त. गुणाकार केला की मुहूर्तात 3,773 प्राण येतात. आपले सामायिक 48 मिनिटांचे असते ते याच मुहूर्तामुळे. ज्यांना हिशेबाची सवय आहे ते लगेच भागाकार करतील: मिनिटाला सुमारे 79. हा आकडा आजच्या श्वासगणनेपेक्षा बराच मोठा आहे आणि नाडीच्या ठोक्यांना जवळचा आहे. याचा उलगडा विद्वानांनी करावा. मला यातील एवढेच महत्त्वाचे वाटते की, मोहिमा चालविणाऱ्या, राज्याचा कारभार पाहणाऱ्या, आणि त्यातच ‘चावुंडराय पुराण’ लिहिणाऱ्या माणसासाठी जो ग्रंथ रचला गेला, त्यात काळाच्या हिशेबात श्वासालाही जागा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्वास मोजणे म्हणजे श्वास कोंडणे नव्हे. आवश्यक निर्युक्तीत कायोत्सर्गातील साधकाने श्वास रोखू नये, तो यतनेने, सूक्ष्म रीतीने घ्यावा असे म्हटले आहे. श्वेतांबर श्रावक कायोत्सर्गापूर्वी जे अन्नत्थ सूत्र म्हणतात ते तर मोठे मनोहर आहे. मी देह सोडून उभा राहतो, असे म्हणण्याआधी त्यात सवलतींची यादी दिली आहे: श्वास घेणे, श्वास सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर, डोळ्यांची सूक्ष्म हालचाल, यांनी माझा कायोत्सर्ग भंग न होवो. आपल्या शास्त्रकारांना मानवी शरीराची किती नेमकी आणि किती प्रेमळ ओळख होती! शरीर जे आपणहून करते ते करू द्यावे. आपण जे त्याच्यावर लादतो तेवढे सोडावे.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी ‘योगशास्त्र’ लिहिले. त्याच्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन आहे, आणि सहाव्याच्या आरंभी आचार्य सांगतात की, प्राणायामाने गांजलेल्या मनाला स्वास्थ्य लाभत नाही. प्राण रोखल्याने शरीराला पीडा होते आणि पीडेने चित्त चळते. ‘ज्ञानार्णव’कार शुभचंद्राचार्यांचा सूरही असाच आहे. ज्याने विषयाचा पूर्ण अभ्यास केला, त्यानेच त्याची मर्यादा सांगावी, हे मला फार प्रामाणिकपणाचे वाटते. आपल्या काळात आचार्य महाप्रज्ञांनी 1975 मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धत पुढे आणली. तिच्यात दीर्घश्वास येतो, पण भर पाहण्यावर आहे: श्वास येतो आहे हे पाहावे, जातो आहे हे पाहावे. शरीरशास्त्रही या पाहण्याला अनुकूल आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. म्हणून संथपणे आणि लांब सोडलेला श्वास हृदयाला दर खेपेस थोडी विश्रांती देतो. रक्तदाबाचे औषध चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सोडू नये. णमोकाराने गोळीची जागा घ्यावी असे कोणत्याही आचार्यांनी म्हटलेले नाही.

मूलाचारात कायोत्सर्गाचे बत्तीस दोष सांगितले आहेत. ते वाचताना हसू येते आणि मग आपलाच चेहरा दिसतो. घोड्याप्रमाणे एक पाय उचलून उभे राहणे, वेलीसारखे डोलणे, खांबाला टेकणे, भिंतीला टेकणे, कावळ्यासारखे इकडेतिकडे पाहणे, कवठासारखी मूठ आवळणे, भुवया नाचविणे. आणि त्यांतच एक दोष आहे बोटांवर मोजण्याचा. सत्तावीस श्वास मोजायचे, पण बोटांवर नाही! आपल्या जातीला ही अट किती कठीण! ज्यांची बोटे पेरांवर हिशेब करीतच वाढली, त्यांनी नुसत्या मंत्राच्या लयीवर विसंबून राहावे. पण युक्ती याच अटीत आहे. बोट मोजू लागले की मन आकड्यापाशी जाते, ‘अजून किती उरले’ या प्रश्नापाशी जाते, आणि तो प्रश्न तर आपल्याला दुकानात दिवसभर पुरतो.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावते ती कायोत्सर्गाच्या वेळांची यादी. रात्रीच्या प्रतिक्रमणात 54 श्वास, दिवसाच्या प्रतिक्रमणात 108, पाक्षिकात 300, चातुर्मासिकात 400, सांवत्सरिकात 500, हे मूलाचाराचे आकडे. श्वेतांबर परंपरेत अनुक्रमे 50, 100, 300, 500 आणि 1,008. हे मोठ्या प्रसंगांचे झाले. पण आहाराहून परतल्यावर, एका गावाहून दुसऱ्या गावी पोचल्यावर, मलमूत्रविसर्जनानंतर 25, आणि स्वाध्यायाच्या, वंदनेच्या वेळी 27, असेही नियम मुनींसाठी आहेत. म्हणजे शांतता ही दिवसाच्या शेवटी मिळणारी बक्षिसी नव्हे. एक काम संपले आणि दुसरे सुरू व्हायचे आहे, त्या मधल्या फटीत ती ठेवलेली आहे. चाललो, तर थांबून चालणे खाली ठेवायचे. जेवलो, तर जेवणे खाली ठेवायचे. आपण मात्र एका ग्राहकाचा राग दुसऱ्या ग्राहकाला देतो, पेढीवरचा आवाज घरी आणतो आणि घरचा अबोला पेढीवर नेतो.

आमच्याबरोबरच्या एका वयस्क अडत व्यापाऱ्यांनी वर चढताना सांगितले की, थकलेल्या उधारीसाठी फोन करण्यापूर्वी ते नऊ णमोकार म्हणतात. “पैसे लवकर येतात का, काका?” असे कोणी तरी चेष्टेने विचारले. ते म्हणाले, “पैसे यायचे तेव्हाच येतात. पण फोन ठेवल्यावर माझा हात थरथरत नाही.” पूर्वी थरथरत असे, हे त्यांनी न विचारताच सांगून टाकले. एवढे बोलून ते पुन्हा पायऱ्या चढू लागले, आणि चढताना कोणी आणखी काही विचारण्याच्या स्थितीत नव्हते.

तरीही केवळ स्थिर उभे राहण्याने सर्व मिळते असे समजू नये. याला साक्ष स्वत: बाहुबलीच आहेत. त्यांची कथा मुळात दोन भावांच्या वाटणीची. भरताला चक्रवर्तिपद पूर्ण हवे होते, बाहुबली वाकायला तयार नव्हते; सैन्ये समोरासमोर आली; दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झाले; आणि जिंकत असतानाच बाहुबलींना सगळ्याचा वीट आला. ते वर्षभर एका जागी उभे राहिले. वेली चढल्या, वारुळे वाढली, श्वास सूक्ष्म झाला असेल. केवलज्ञान होईना. दिगंबर परंपरा म्हणते, भरताला आपल्यामुळे क्लेश झाला हे शल्य मनात उरले होते आणि भरताने येऊन पूजा केल्यावर ते गेले. श्वेतांबर परंपरा म्हणते, ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, हत्तीवरून खाली उतरा. अभिमानाचा हत्ती. धाकट्या पण आधी दीक्षा घेतलेल्या भावांना वंदन करण्यासाठी त्यांनी पाऊल उचलले, आणि ज्ञान झाले. दोन्ही कथांत अडकलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे भाऊ.

दुकानाच्या किंवा गोदामाच्या वाटणीत बोलणे तुटलेले सख्खे भाऊ आपल्या प्रत्येक गावात आहेत. आमच्या बसमध्येही अशी एक जोडी होती. थोरले पुढच्या आसनावर, धाकटे मागच्या. त्यांच्या आईने हट्टाने दोघांना आणले होते. मूर्तीसमोर सर्वांनी कायोत्सर्ग केला तेव्हा ते एकाच रांगेत, चार माणसांच्या अंतराने उभे होते. तेथे काही घडले का, असे विचाराल तर काही घडले नाही. परतताना दोघांची आसने तीच होती. मात्र उतरताना एका अरुंद वळणावर आईला दोन्ही बाजूंनी धरावे लागले, आणि त्या साठ-सत्तर पायऱ्या तिघेही एका गतीने, तिच्या दमाने उतरले.

दुपारनंतर चंद्रगिरीवर जावे. हा डोंगर ठेंगणा. गर्दी जवळजवळ नसते. येथे जुन्या बसद्या आहेत, श्रुतकेवली भद्रबाहूंची गुहा आहे, आणि कातळावर ठिकठिकाणी लेख आहेत. सर्वांत जुना इ.स. 600 च्या सुमाराचा. कालांतराने सातशे ऋषींनी येथे समाधी साधली असे तो सांगतो. अनेक लेख एखाद्या मुनीने, आर्यिकेने, श्रावकाने अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवल्याची नोंद करतात. वेरूळची जैन लेणी ज्यांच्या काळात घडली त्या राष्ट्रकूटांचा शेवटचा वंशज इंद्र चौथा राज्य गमावल्यावर येथेच आला आणि इ.स. 982 मध्ये सल्लेखनेने गेला. समोरच्या डोंगरावरची मूर्ती तेव्हा अगदी नवी होती. त्याने ती पाहिली असेल काय? या कातळावर बसले की श्वास हे मनाच्या आरामाचे साधन आहे हा आपला आजचा विचार फार लहान वाटू लागतो. रोज सत्तावीस श्वासांपुरता देह खाली ठेवून पाहणे ही येथील लोकांच्या दृष्टीने सवय होती. एक दिवस तो खरोखरच खाली ठेवायचा आहे, तेव्हा हात थरथरू नये म्हणून.

संध्याकाळी गावात उतरल्यावर नगर जिनालय शोधावे. यात्रेकरूंच्या घाईत ते राहून जाते. होयसळ राजा दुसरा बल्लाळ याचा अधिकारी नागदेव याने बाराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले. नगर म्हणजे येथे शहर नव्हे, तर व्यापाऱ्यांचा संघ. बेळगोळच्या व्यापाऱ्यांनी या मंदिराची व्यवस्था सांभाळली म्हणून हे नाव. गोम्मटदेवाच्या नित्य अभिषेकाच्या दुधासाठी आणि फुलांसाठी रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचे, तिच्या व्याजातून ते रोज द्यावे असे ठरविल्याचे लेखही या क्षेत्री आहेत. मुद्दल हलवायचे नाही, व्याज रोज. हा व्यवहार आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मंदिर लहान आहे, आत अंधार आणि गारवा. बाहेर रस्त्यावर शहाळी, फुगे आणि मूर्तींच्या प्रतिकृती विकणारे ओरडत होते, आमच्या बसचा भोंगा वाजत होता, आणि आत आठ-दहा जण हात सोडून, पावलांत चार अंगुळांचे अंतर ठेवून उभे होते. अडतवाले काका त्यांत होते. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांचा सातवा णमोकार चालू असावा.